दुर्बिणीची खंडेनवमी

पुढे कधीतरी अवकाशात जाणाऱ्या एका मोठ्या दुर्बिणीच्या आरशाची बिजागरी, नमुना म्हणून, आमच्या चाकणच्या छोट्या कंपनीला बनवायला मिळाली. दुर्बीण उडेल तेव्हा मी रहाटणीच्या बागेत गुडघे चोळत बसलेला असेन, पण सोसायटीत आत्तापासूनच छाती काढून चालत होतो. नमुना पास झाला तरच पुढचं काम मिळणार होतं. त्यावर धुळीचा कणही चालणार नव्हता. तपासणी माझ्याकडे, म्हणून मी घरी चहावरसुद्धा कुणाला फुंकर मारू देत नव्हतो.

खंडेनवमीला सगळ्यांच्या घरच्यांना कंपनीत बोलावून मशिनींची पूजा झाली आणि मालकांची नजर बिजागरीच्या सीलबंद पिशवीवर गेली.

"हिला कसं वगळायचं, राव? हीच तर आपली लक्ष्मी!" त्यांनी पिशवी फोडली. "वहिनी, तुमच्या हातानं होऊ द्या."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "अहो, चालेल ना? घरी तर श्वासही घेऊ देत नाही तुम्ही."

मालकांसमोर माझं सगळं विज्ञान विरघळलं. मी पूजेचं ताट पुढे धरलं.

नंतर आम्ही बिजागरी स्पिरिटनं पुसपुसून दुर्बीणवाल्यांकडे पाठवली. ती परत आली. शेरा होता: खाचेत अनोळखी पिवळी भुकटी.

"अनोळखी?" मालक भडकले. "यांना हळद ओळखू येईना, आणि हे विश्व शोधणार!"

काम दुसरीकडे गेलं. यंदा मालकांनी परत आलेल्या बिजागरीचीच पूजा मांडली. आता ती पुसायची नव्हती, त्यामुळे बायकोनं हात सैल सोडून हळद लावली.