मोलगीच्या चढावरचा फोनबंद माणूस

उमाकांत शहाद्याला आईसोबत राहतो. वय एकेचाळीस, लग्न राहून गेलं. पुण्याच्या एका संस्थेचं ऑनलाइन शिक्षणाचं ॲप आहे. त्याच्या जुन्या कोडची डागडुजी आणि सुधारणा हे काम तो माडीवरच्या खोलीतून नऊ वर्षं करतो आहे. हे काम असं की नीट झालं तर कोणालाच कळत नाही. ऑनलाइन मीटिंगमध्ये भिंतीकडे तोंड करून एकटाच बोलत बसला की आई, प्रमिलाबाई, जिन्यातून विचारते, "उमा, भीतसंगे बोलस का रे?"

पावसाळ्यात त्याने एक सुधारणा केली. अर्धवट नोंदी साठून ॲप जड झालं होतं. पंधरा दिवस फोनचा संपर्क झाला नाही, तर पुढच्या वेळी रेंज लागताच त्यातल्या न पोचलेल्या सगळ्या नोंदी शिळ्या समजून फोननेच पुसाव्यात, असा नियम त्याने लिहिला. पुण्याहून सगळ्यांनी पसंतीचे अंगठे पाठवले.

एका संध्याकाळी आई म्हणाली, "मोलगीना रस्ता खुलना म्हने. सकाय सीताफळ येतीन."

उमाकांतच्या हातातला घास हातातच राहिला. मोलगीपलीकडच्या पाड्यांतल्या अकरा बालवाडीताई या ॲपवर चाळीस धड्यांचा अभ्यासक्रम करत होत्या. धडे घरी सोडवायचे आणि बाजाराच्या दिवशी मोलगीला रेंज मिळाली की पाठवायचे, ही त्यांची रीत. दरड कोसळून दोन आठवडी बाजार बुडाले होते. म्हणजे मागच्या पाठवणीला उद्या एकवीस दिवस होणार. उद्याच्या बाजारात रेंज लागताच फोन ते धडे पाठवण्याआधीच पुसणार होता. चाळीस धडे पुरे करणाऱ्यांची परीक्षेची यादीही उद्याच बंद होत होती. कोड सुधारून उपयोग नव्हता. नवा कोड फोनवर उतरायलाही रेंजच लागणार. आणि त्या बायांना कळवणार कसं? पाड्यावर फोन लागतच नाही.

पहाटेच्या जीपने तो निघाला. पाड्यांची वाट जिथे मोलगीच्या रस्त्याला मिळते, त्या चढावर रेंजची पहिली दांडी दिसते. त्याच्या थोडं खाली तो लॅपटॉप घेऊन उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारू लागला, "बालवाडीताई का? फोन बंद करा!"

जीपवाला दिवाल्या मोठ्याने हसला. "साहेब, सगळे रिचार्ज करा म्हणतात. फोन बंद करा म्हणणारा पहिलाच पाहिला!"

बाया लांबूनच वळसा घेऊ लागल्या. नानीबाई नावाची एक ताई थांबली, तिला पटलं, आणि तिने बाकीच्यांना त्यांच्या पावरी बोलीत हाका मारल्या. सकाळी अकरा वाजेपर्यंत दहा फोनमधले धडे वायरने लॅपटॉपवर उतरले. अकरावी ताई, रुपा, मात्र दुसऱ्या वाटेने आधीच बाजारात गेली होती.

बाजारात रेंज मिळताच उमाकांतने ते धडे पुण्याला पाठवले आणि रुपाला शोधलं; ती सीताफळांच्या टोपलीमागे बसली होती. फोनवर या तीन आठवड्यांतला एकही धडा उरला नव्हता.

"माझं काय चुकलं, सर?"

"तुमचं नाही. पुसायचा नियम मीच लिहिला."

"तुम्ही? मला वाटायचं, ते आपोआप होतं."

"आपोआप काही होत नाही, ताई. मीच बसलेला असतो तिथे. एकटा."

रुपाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "मग आज इथे बसा. फळं तुम्ही विका, मी धडे सोडवते. आता मला सगळं येतं. मागे वेळ लागला तो शिकायला."

उमाकांत टोपलीमागे बसला. गिऱ्हाईक वाट्याचा भाव विचारी, तो रुपाला विचारी, ती मान वर न करता सांगे. पिकलेली फळं कुठली हे त्याला कळेना. दोन त्याच्या हातातच फुटली.

"कोडिंग करताय की सीताफळ?" दिवाल्या जाता जाता म्हणाला. आसपासच्या बाया हसल्या, आणि उमाकांतही हसला. त्याच्याच आवाजाचं त्याला नवल वाटलं.

सदतिसाव्या धड्याला शेवटच्या जीपचा हॉर्न वाजला. दिवाल्या कुरकुरत थांबला. चाळिसावा धडा पोचला आणि यादीत रुपाचं नाव चढलं. रुपाने रिकामी टोपली डोक्यावर घेतली. पाड्यावरच्या बाया पुढे निघाल्या होत्या, त्यांना गाठायचं होतं. "येते, सर," एवढंच म्हणून ती भराभर चालू लागली.

जीपमध्ये पुण्याचा निरोप दिसला : दिवसभर कुठे होतास?

त्याने लिहिलं, बाजारात.

पुढे कोणी काही विचारलं नाही.