मेश्रामचे गोल, माझे झेंडे

मेश्रामचे किस्से साचतात कसे, ते मला विचारा. इथे अमेरिकेत, अल्फारेटात चार मराठी घरं पॉटलकला जमली, की पावभाजी संपायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "यार, तो नाकाचा किस्सा सांग ना!" सांगायचा मी, कारण प्रत्येक वेळी मैदानावर मी हजर होतो. हजर मी, आणि किस्सा कायम त्याचा!

*

२००३ ची गोष्ट. आमच्या ऑफिसातला टेस्ट मॅनेजर ग्रॅहम, ऑस्ट्रेलियन. त्यांच्याकडच्या फुटबॉलचा एक हौशी क्लब तो चालवायचा. लांबट बॉल, हातांनी झेलायचा, पायानं मारायचा आणि मधे येईल त्याला आडवा करायचा. मी पुण्यात कॉलेजच्या टीममधून क्रिकेट खेळलेला, म्हणून त्यानं मला बोलावलं. मला! माझ्या ऑफिसच्या टीममधला मेश्राम आला तो फक्त ड्रायव्हर म्हणून, कारण माझ्याकडे तेव्हा लायसन्स नव्हतं.

पहिलाच उंच बॉल माझ्याकडे आला. मी शिस्तीत खाली उभा राहिलो, ओंजळ केली आणि "माइन!" म्हणून ओरडलो. क्रिकेटमध्ये यानंतर बाकीचे थांबतात. इथे एक सहा फुटी माणूस माझ्या पाठीवर गुडघा ठेवून वर चढला आणि बॉल घेऊन गेला!

माझ्या जागी मेश्रामला उतरवलं. हा नागपूरला कबड्डी खेळायचा. तोच सहा फुटी पळत आला आणि यानं सवयीनं त्याचा घोटा धरला. शिट्टी! फाउल!

"इथे गुडघ्याच्या खाली धरायचं नसतं," ग्रॅहमनं समजावलं.

"कंबर चालेल?" मेश्रामनं इंग्लिशमध्ये विचारलं.

पुढच्या वेळी त्यानं कंबर धरली. तो माणूस बराच वेळ आकाशाकडे बघत पडून होता.

*

मलाही क्लबात ठेवलं, तेही मेश्रामच्या सांगण्यावरून. गोल अंपायर म्हणून! ग्रॅहमनं तिकडून आणलेला लांब पांढरा कोट घालायचा, हातात दोन झेंडे घ्यायचे आणि गोलच्या खांबांपाशी उभं राहायचं. बॉल मधून साफ गेला तर सहा पॉइंट, दोन्ही झेंडे हलवायचे. खांबाला नुसता घासून गेला तरी एकच पॉइंट, एकच झेंडा.

मेश्राम दर शनिवारी गोल करायचा. दर शनिवारी त्याच्या गोलसाठी मी माझ्याच हातांनी दोन झेंडे हलवायचो. जळायचो का? अर्थात जळायचो! चेहऱ्यावर दिसायचं म्हणे. समोरच्या टीमची पोरं माझ्याकडे बोट दाखवून हसायची.

*

आता तो नाकाचा. एका मॅचमध्ये मेश्रामचं नाक फुटलं. त्यानं दोन्ही नाकपुड्यांत कापूस कोंबला आणि शेवटपर्यंत खेळला. सोमवारी तसाच क्लायंट मीटिंगला आला.

मीटिंग ज्या सॉफ्टवेअर रिलीजची होती, त्यासाठी मी जीव काढला होता. एकही बग नाही! क्लायंटचा मोठा साहेब आला, मेश्रामकडे बघितलं, आणि निम्मी मीटिंग नाकावर! जाताना माझा हात हातात घेऊन साहेब म्हणाला, "असा माणूस तुझ्या टीममध्ये आहे, लकी आहेस."

घरी येऊन मी आरशात स्वतःचं नाक पाहिलं. सरळ होतं. काय उपयोग?

*

मेश्रामची आई नागपूरहून आली, तेव्हा मला आशा वाटली. काकू मैदानात शिरतील, याचा कान धरतील आणि खेळ बंद करतील. मी मुद्दाम त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं.

मेश्रामला दोघांनी मिळून आपटलं. काकू उठल्या. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

"अबे, एकट्याले काय घाबरवता? ऊठ! कंबर धर त्याची!" काकू ओरडल्या.

मॅचनंतर म्हणाल्या, "खेळ चांगला आहे. चड्डी तेवढी लहान आहे." मग माझ्या कोटाकडे बघून, "आणि तू काहून खेळत नाहीस रे? इथं कंपाउंडर लागलास का?"

*

२००७. मेश्रामचा गुडघा कामातून गेला होता. फायनल ही त्याची शेवटची मॅच. मला लायसन्स मिळूनही जमाना झाला होता, पण मैदानावर जाताना गाडी तोच चालवायचा. त्या दिवशीही त्यानंच चालवली.

शेवटचे काही सेकंद. आम्ही पाच पॉइंटनं मागे. मेश्राम लंगडत आला, किक मारली आणि तिथेच बसला. बॉल उजव्या खांबाजवळून आत गेला. सगळे नाचायला लागले.

पण खांबाशी मी उभा होतो. टक! बारीक आवाज, मला स्वच्छ ऐकू आला.

मी एक झेंडा हलवला.

नाचणारे थांबले. सायरन वाजला, आम्ही हरलो. ग्रॅहमनं टोपी जमिनीवर आपटली. माझी बायको मनीषा मैदानाच्या कडेवरून धावत आली आणि हळूच म्हणाली, "अरे, खरंच लागला होता ना?" घरच्या माणसाची ही कथा! इतकी वर्षं सगळ्यांदेखत जळलो होतो, आता माझं कोण ऐकणार?

"याला अंपायर केलं कोणी?" ग्रॅहम गरजला.

"मी," मागून मेश्राम म्हणाला. एका पायावर उड्या मारत तो आला होता. "हा माझ्यावर जळतो, कोच. पहिल्या दिवसापासून. म्हणून तर केलं! इतकी वर्षं यानं माझे गोल दिले. समोरची एक तरी टीम कधी भांडली?"

ग्रॅहमनं टोपी उचलली.

मेश्राम माझ्याकडे वळला. खिशातून गाडीची किल्ली काढली आणि उंच उडवली.

"हा तरी कॅच घे बे!"