भट्टीवरची नानखटाई

वडील श्रावणात गेले. वर्ष होईपर्यंत घरात तळण करायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. त्यामुळं त्या दिवाळीला कढई चढणार नव्हती. पाचोडहून आत्या आली आणि चिवड्याचे, लाडवांचे डबे देऊन गेली. मी ते फळीवर ठेवले. दोन दिवस कुणी झाकण उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मैदा चाळून दे. नानखटाई करू."

"आत्या काय म्हणंल?"

"कढई चढवायची नाय, असं हाय. भट्टी काय आपल्या घरात हाय व्हय?"

परातीत तूप आणि पिठीसाखर फेसायचं काम दरवर्षी वडिलांचं. त्यांचा तळवा रुंद होता, तूप लवकर पांढरं व्हायचं. या वेळी मी फेसलं. हात भरून आला, बाकी काही वाटलं नाही. रडूही आलं नाही. वेलदोडा मीच कुटला असणार, पण त्याचा वास मला आठवत नाही.

मुकुंदवाडीच्या बेकरीत पीठ-तूप आपलं आणि भट्टी त्यांची. आम्ही गोळे पत्र्यावर मांडले. बेकरीवाल्या चाचांनी पत्रा आत सरकवला आणि विचारलं, "साहब नहीं आए इस बार?"

"नय आए," आई म्हणाली, आणि पदराला हात पुसत बसली.

वडील तिथंच उभ्यानं एक गरम नानखटाई खायचे. निघताना चाचांनी एक कागदात बांधून आईच्या हातात दिली. "ये साहब की."

आईनं घेतली. रिक्षात बसल्यावर मी म्हणाले, "सांगायचं ना त्यांना."

"कशाला? एका माणसाच्या लेखी तरी असू दे त्यांना घरी."

घरी आल्यावर आईनं त्या नानखटाईचे दोन तुकडे केले. ओट्यापाशी उभ्यानंच आम्ही एकेक खाल्ला. गोड होता, एवढं कळलं. मग बाकीच्या नानखटाया मी डब्यात भरल्या.

भाऊबीजेला आत्या पुन्हा आली. ओवाळायला भाऊ नव्हता, तरी आली. डबा समोर होता. भट्टीचं, कढईचं तिनं काहीच विचारलं नाही. दोन नानखटाया खाल्ल्या, पाणी प्यायली.

"साखर जरा जास्त झाली," ती म्हणाली.

"व्हय," आई म्हणाली, आणि चहा टाकायला उठली.