फडक्यातल्या गाठी

सासरी आल्यावर आठ दिवसांत मला एक गोष्ट कळली. आटपाडीकडच्या आमच्या त्या वस्तीवर दुधाचं कौतुक करायचं नाही. बादली काठोकाठ भरली तरी भरली म्हणायचं नाही, गोठ्यातून घरात आणताना ती झाकायची, कुणी विचारलंच तर ‘हाय थोडंफार’ म्हणून विषय बदलायचा. मी पडले साताऱ्याकडची, जिभेला हाड नसलेली. एका सकाळी सासूबाई धार काढून आल्या आणि मी बोलून गेले की आत्ती, आज लय दूध दिलं की गायीनं. त्यांचा चेहराच उतरला.

नेमक्या दुसऱ्या दिवशी दूध गाळताना फडक्यावर बारीक गाठी उरल्या. माझ्या माहेरी हे दिसलं की त्याच सकाळी जनावरांच्या डॉक्टरला फोन जायचा, कारण कास सुजायच्या आधीची ती खूण. मी तसं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “तुझीच नजर लागली. आता गोठ्यात पाऊल टाकायचं न्हाई.”

मग मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, गायीच्या गळ्यात बिब्बा बांधून झाला. बांधणारा माझा नवरा. आईपुढं त्याची दातखीळ बसते, ती आजतागायत. चार दिवस असेच गेले आणि डॉक्टर आला तेव्हा कास दगडासारखी कडक झाली होती. गोठा ओला असतो, धार काढण्याआधी सड धुवत नाही, तिथूनच रोग आत शिरतो, असं तो बिचारा घसा फोडून सांगत होता. ऐकतंय कोण! एक सड कायमचा गेला. बारा लिटरची गाय सातावर आली, आणि वस्तीभर नाव झालं ते माझ्या नजरेचं. शेजारीण मला बघून बादली पदराखाली घ्यायची.

चार वर्षं मी गोठ्यात गेले नाही. फक्त दूध गाळायचं. त्या गायीची कालवड मात्र अंगणात बांधलेली असायची, तिच्यापुरती मला बंदी नव्हती. रोज अर्धी भाकरी तिला चारली मी. माझा आवाज ऐकला की दावं ताणायची. ती व्याली आणि तिलाही गोठ्यात नेलं.

महिनाभरानं एका सकाळी फडक्यावर पुन्हा गाठी दिसल्या. तिच्याच दुधातल्या. सांगायला मी दारापर्यंत गेले होते, खोटं कशाला बोलू? पण उंबऱ्यावर थांबले. म्हटलं, मरू दे. सांगून काय मिळालं होतं मला? फडकं धुतलं, दोरीवर वाळत घातलं. दुसऱ्या दिवशीही धुतलं. तिसऱ्या दिवशी कालवड बादलीला लाथा मारायला लागली, तेव्हा डॉक्टर आला.

त्यानं सासूबाईंना विचारलं, दूध गाळताना काही दिसलं नव्हतं का? दोन-तीन दिवस आधी दिसतंच. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

“न्हाई,” मी म्हणाले.

दोन सड गेले. पहिल्याच वेताला. डॉक्टर गेल्यावर सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला त्यांनी.

“या बारीला तू काय बोलली न्हाईस, तरीबी झालं,” त्या म्हणाल्या. “म्हंजी तवाबी तुझी नजर न्हवती गं. उद्यापासनं धार तूच काढ.”

मला ओरडावंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी गोठ्यात गेले तर कालवडीनं मला ओळखलं, मान पुढं केली. तिच्या उरलेल्या दोन सडांची धार तेव्हापासून मीच काढते.