कुलूपरावांचा वरचा मजला

कारखान्याच्या भांडारात उभी हयात काढलेल्या या गृहस्थांना तिथले कामगार पाठीमागे ‘कुलूपराव’ म्हणत. घरी त्यांच्या पत्नीचा राग अनावर झाला, की त्या समोरच म्हणत. वस्तू भांडारातून बाहेर पडली नाही तरच ती सुरक्षित, हे एकच तत्त्वज्ञान कुलूपरावांनी निष्ठेने पाळले. पाना मागायला आलेल्या फिटरकडे ते अशा नजरेने पाहत, की तो बिचारा पुढच्या खेपेला हातानेच नट पिळून बघे.

निवृत्तीनंतर त्यांनी मुलासाठी घरावर मजला चढवला. मुलगा दूरच्या शहरात रमला होता आणि तो परतणार नाही, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. कुलूपरावांना ते सर्वांत शेवटी कळले. खाली दोन माणसे आणि एक टीव्ही. वर नुसता रंगाचा वास.

“भाड्याचं राहू द्या बाजूला,” पत्नी म्हणाल्या, “पण जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजू देत. भिंतींशी बोलून बोलून माझी जीभ झिजली.”

भाडेकरू मिळाली ती इस्पितळातली एक परिचारिका. एकटी, नीटस, मोजके बोलणारी. पत्नींनी तिला चेहरा पाहून पसंत केले आणि कुलूपरावांनी चपला पाहून. चपलांचे तळ मऊ होते; फरशीची चिंता मिटली.

मग अटी सांगून झाल्या. कपाटांवरचे आणि दारांवरचे कंपनीचे प्लास्टिक काढायचे नाही. भिंतीला डोके टेकून बसायचे नाही, तेलाचे डाग पडतात. दोन न्हाणीघरांपैकी एकच वापरायचे, दुसरे राखीव.

“काका, मी घर राहायला घेतलंय की राखायला?”

“राखायलाच!” कुलूपराव प्रसन्न झाले. “हुशार आहेस. एकदा सांगितलं की समजतं तुला.”

संध्याकाळी कामावरून येताना ती खालच्या स्वयंपाकघरात टेकायची. इस्पितळातल्या गमती ऐकून काकू डोळ्यांतून पाणी येईतो हसत. तेवढ्या वेळात काका आपल्याकडच्या दुसऱ्या किल्लीने वर जाऊन सारे जागच्या जागी आहे की नाही, ते पाहून येत. यात काही वावगे असते, अशी शंकाही त्यांना शिवली नव्हती. भांडाराची तपासणी करायला कोण कधी दार वाजवून जातो?

रात्रपाळी करून आल्यामुळे एका दुपारी ती गाढ झोपली होती. जाग आली तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी पाठमोरे गुडघ्यांवर बसले होते. ती किंचाळली.

“ओरडू नकोस,” मागे वळूनही न पाहता कुलूपराव म्हणाले, “कपाटाचं प्लास्टिक कोपऱ्यात सुटलंय. चिकटवतोय.”

त्याच संध्याकाळी तिने शांतपणे सांगितले, “काकू, दुसरी जागा बघते मी.”

ती वर गेल्यावर काकूंनी पळी खाली ठेवली. “ती गेली ना, तर मीही वरच राहायला जाईन. अंगाला प्लास्टिक गुंडाळून. निदान मग रोज येऊन बघाल तरी, ही धड आहे की नाही.”

अखेर जिन्याच्या तोंडाशी उभे राहून कुलूपरावांनी दुसरी किल्ली परिचारिकेच्या हातावर ठेवली. त्यांचा चेहरा भूल न देता दाढ उपटल्यासारखा होता. बोलावल्याशिवाय वर यायचे नाही आणि घर कसे वापरते याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असे ठरले.

“महिनाभर बघते,” ती म्हणाली. “मग ठरवते, राहायचं की नाही.”

बोलावणे रोज आले, पण काकूंना. त्या परत आल्या, की हे अधीरतेने विचारत, “प्लास्टिक आहे ना?”

“माणसं भेटली की मी माणसांकडे बघते,” काकू म्हणत.

महिना सरत आला असता एके दिवशी फाटकाशी टेम्पो थांबला आणि दोन हमालांनी भलेमोठे लोखंडी कपाट उतरवले. सामान न्यायला नव्हे, आणायला माणसे आली होती. काकूंचा आनंद जिन्याच्या टोकावरूनच ओसंडत होता. “वर आणा, वर! सांभाळून हं.”

“व्हा काका बाजूला,” पुढचा हमाल धापा टाकत म्हणाला. “घरमालकीण वरच राहतात ना?”

जिन्याच्या वळणावर कपाट अडले. त्याचा कोपरा भिंतीकडे झुकला, आणि कुलूपरावांनी विचार करण्यापूर्वीच त्यांचा तळहात मध्ये गेला होता.

“अहो, हात काढा! चेंगरेल की! भिंत काय तुमच्या बापाची आहे?”

उत्तर जिभेच्या टोकावर आले होते, पुराव्यासहित. तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. परिचारिका काकूंच्या शेजारी उभी होती. ती त्यांच्या हाताकडे पाहत होती.

कुलूपरावांनी हात काढून घेतला.

“माझी कुठली?” ते म्हणाले. “चला, वळवा.”

कपाट करकरत वर गेले. नव्या रंगावरून ओरखडा थेट शेवटच्या पायरीपर्यंत चढला. बोलावणे नसल्यामुळे त्याच्यामागून फक्त कुलूपरावांची नजर गेली.