एकोणिसावी पायरी

देवळाच्या दाराशी पायरी होऊन पडावे आणि भक्तांच्या पायांची धूळ अंगावर घ्यावी, एवढेच मागणे ज्याच्यापाशी एका थोर भक्ताने मागितले, त्या पांडुरंगाला प्रथम वंदन. पायरीवर धूळ कोणी मुद्दाम आणून टाकत नाही. ती येणाऱ्यांच्या पावलांनी आपोआप साठते. आमच्या कॉलेजचे किस्से तसेच साठले आहेत. भजन संपून प्रसादाचे द्रोण हाती आले, की मंडळी म्हणतात, “बुवा, आता पायऱ्यांचं होऊ द्या!”

मुलुंडला डोंगराच्या उतारावर आमचे छोटेसे कॉलेज. फाटकापासून दारापर्यंत दगडी जिना, पायऱ्या बेचाळीस. शेवटच्या वर्षाचा शेवटचा पेपर झाला, की प्रत्येकाने घरून कळशीभर पाणी आणायचे आणि आपल्या हजेरी क्रमांकाची पायरी स्वतःच्या हातांनी धुवायची. धुतली, की तो ‘पायरीकर’. पदवी विद्यापीठ देते. पायरी ज्याची त्याने मिळवायची. माझी विसावी.

* * *

घाटकोपरच्या एका कारखान्यात मी इंटरव्ह्यूला गेलो. साहेबांनी अर्ज पाहिला, चष्मा काढला आणि विचारले, “कितवी?”

“विसावी, सर.”

“मी एकविसावा. तुमच्या आधी आठ वर्षं. म्हणजे इथेही तुमच्या वरच बसणार! सोमवारपासून या.”

त्या खुर्चीखाली मी तेरा वर्षे काम केले. इतकी माया करणारा साहेब पुन्हा लाभला नाही.

* * *

बोरिवलीला एका लग्नाची बोलणी अगदी साखरपुड्यापर्यंत आली होती. चहा घेताना कळले, की मुलाचे वडील पायरीकर, मुलीची आईही पायरीकर. वर्षे निराळी, पण दोघांचीही पायरी सतरावी. मुलाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. “अहो, मग ही मुलं आते-मामे भावंडं झाली की!”

दोन्ही घरे गंभीर झाली. अखेर गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, “शास्त्रात पायरीला गोत्र सांगितलेलं नाही. मुहूर्त टळतोय, आधी तो बघा!”

* * *

पुढे संस्थेने फाटकाशी चकचकीत पाटी लावली: ‘माजी विद्यार्थी संघ’. आमच्या वर्गातली सुलभा, बाविसावी, थेट कार्यालयात शिरली. “माजी? मी माजी कधी झाले? माझी पायरी जागेवर आहे ना?”

आठवडाभरात पाटी उतरली.

याच सुलभेच्या दोन्ही गुडघ्यांचे ऑपरेशन झाले, तेव्हा डॉक्टरांनी बजावले, “आजी, आता बेचाळीस पायऱ्या चढायच्या नाहीत.”

“छे हो, मी बावीसच चढते. वरच्या माझ्या नाहीतच!”

* * *

आता अंतोनचे सांगतो.

अंतोन गोराईचा, कोळ्याचा मुलगा. माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. परीक्षेला दोन महिने उरले असताना त्याचे वडील अंथरुणाला खिळले. होडी चालवायला दुसरे कोणी नव्हते. अंतोनने कॉलेज सोडले, ते कायमचे. त्याचा क्रमांक एकोणीस.

आम्ही पायऱ्या धुतल्या त्या दिवशी एकोणिसावी कोरडी राहिली. वरच्या क्रमांकाच्या आम्ही सर्वांनी तिच्यावर पाय न देता ती ओलांडली. कोणी ठरवले नव्हते. पुढे दरवर्षी मेळाव्याला आम्ही आपापली पायरी पुन्हा धुतो आणि एकोणिसावी तशीच ओलांडतो.

मेळाव्याचे निमंत्रण घेऊन मी दरवर्षी तरीने गोराईला जाई. अंतोन माझ्यासाठी शहाळे फोडी आणि दरवर्षी तेच म्हणे, “बुवा, मी काय पायरीकर नाय रे. धुवायच्या आधीच गेलो ना मी. कुठल्या तोंडानं येऊ?”

यंदा संस्थेचे पत्र आले. जिना पाडून तेथे गाड्यांसाठी उतार होणार. हा मेळावा जिन्यावरचा अखेरचा. मी गोराईला गेलो आणि पत्र त्याच्या हाती दिले. “अंतोन, आता पुढल्या वर्षी पायरीच नसेल.”

त्याने पत्राची घडी घालून खिशात ठेवली. “शहाळं पी,” एवढेच बोलला.

मेळाव्याच्या दिवशी मी फाटकाकडे पाहत राहिलो. तो आला नाही. सगळे चढू लागले. अठराव्या पायरीवर सुलभेने माझा खांदा धरला, नवा गुडघा कसाबसा उचलला आणि एकोणिसावी ओलांडायला पाय लांब केला. तिचा तोल गेला.

“अगं ए सुलभा! पडशील ना! ठेव की पाय त्या पायरीवर!”

खाली फाटकाशी अंतोन उभा होता. केस पांढरेशुभ्र, हातात पाण्याचा प्लास्टिकचा कॅन.

सुलभेने पाय मागे घेतला. पण ठेवला तो अठरावीवरच. तिथूनच ओरडली, “कशी ठेवू रे? धुतलीस का तू? इतकी वर्षं लंगडी घालतेय तुझ्यापायी! ये लवकर, गुडघे दुखतायत!”

अंतोन वर आला. वाट करून द्यायला आम्ही सारे कठड्याला टेकलो. पाणी त्याच्या घरच्या विहिरीचे होते. गुडघे टेकून त्याने पायरी हातांनी घासली, कोपरे घासले, पुन्हा पाणी ओतले. मग छातीवर क्रूसाची खूण केली आणि बाजूला सरला.

“हां. आता ठेव.”

सुलभेने आधी चपला काढल्या.

* * *

हे ऐकणाऱ्या तुम्हां सर्वांच्या घरची पायरी सदा ओली, सदा पावलांनी भरलेली राहो. आणि दूर राहिलेले तुमचे जे कोणी असेल, त्याला पांडुरंग पाण्यासह घरी आणो.