आत कोण बघतंय

यांची नोकरी सरकारी कारखान्यात, इंजिनियरची. त्यामुळे माझा अख्खा संसार क्वार्टर्समध्ये झाला, दुसऱ्या कुणीतरी ठरवलेल्या ओट्यावर. महादेवपुऱ्यात स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हा मी एकच मागितलं होतं: स्वयंपाकघर मनासारखं हवं.

प्लायवूडचा अंदाज यांनीच काढला. एका शीटमधून कोणते तुकडे निघतील, ते कागदावर आखून. कामात माणूस चोख, ते नाकारत नाही. दुकानात मला नेलं ते पिशवी धरायला न्यावं तसं. दुकानदार कानडी, हे काहीही बोलले की तो "सरी सार", म्हणजे 'बरोबर साहेब', म्हणे. पाण्याने न फुगणारा मरीन प्लाय यांनी हॉलमधल्या टीव्ही युनिटला धरला आणि सिंकखालच्या कपाटाला साधा कमर्शियल.

मी म्हटलं, "अहो, पाणी तर सिंकखाली असतं."

"हॉल चार लोक बघतात. किचनला वरून सनमायका लागणारच आहे. आत कोण बघतंय?"

"सरी सार," दुकानदार म्हणाला.

दोनेक वर्षांत सिंकखालचा प्लाय फुगला. पापुद्रे सुटले, बिजागरी निखळली. दार गुडघ्याने रेटल्याशिवाय लागत नाही आणि उघडलं की कुबट वास येतो. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात, तो आमच्याकडे तिथे चालतो. हॉलमध्ये मात्र पाहुणा आला की हे युनिटवर टकटक करतात. "मरीन आहे. समुद्रात टाका, काही होणार नाही." त्या युनिटवर आजवर पाण्याचा थेंब पडलेला नाही. मला संताप येतो, आणि मी चहा आणून ठेवते.

यंदा लेकीने सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला. अंदाज काढायला अर्थात तिचे बाबा. आमच्याच जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. हॉलला मरीन, किचनला कमर्शियल. या वेळी मी गप्प बसले नाही. जावयांसमोरच म्हणाले, "आधी माझ्या सिंकखाली डोकं घालून या, मग लिहा. माझं झालं ते झालं, तिच्या किचनला मरीनच लागेल."

यांची पेन्सिल थांबली. जावईसुद्धा मान डोलवायला लागले.

लेकीने फोनमधून डोकं वर काढलं नाही. "आई, तू पण ना! आमच्याकडे स्वयंपाकाला बाई येणार आहे. आत कोण बघतंय?"

पेन्सिल परत चालू लागली.